अहो, मग तुम्ही आमच्या ओळखीचेच!

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस अगदी अनोळखी असतो. वरणभातावर तूप पडेपर्यंत गाव विचारून होतं, मठ्ठा येईपर्यंत आडनाव. आणि जिलबीचं ताट फिरेस्तोवर कळतं, की त्यांची मावसबहीण आपल्या आत्याच्या शेजारी दहा वर्षं राहत होती. मग ते ठरलेलं वाक्य येतं, ‘अहो, मग तुम्ही आमच्या ओळखीचेच!’ घरी परतताना आपण गाडीत म्हणतो, जग किती लहान आहे नाही?

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. आपल्याला आश्चर्य वाटलं खरं, पण वाटायला हवं होतं का? त्या कार्यालयातल्या कुणाही दोघांना तेवढाच वेळ शेजारी बसवलं असतं, तरी असा एखादा धागा निघालाच असता का?

माणसांच्या ओळखी, मेंदूतल्या पेशी, रेल्वेची स्थानकं, बेटांवरचे पक्षी अशा नाना जाळ्यांचा आज अभ्यास होतो. अभ्यासकांच्या विद्याशाखा वेगळ्या आणि भाषा वेगळ्या, पण प्रत्येकाला कधी ना कधी याच प्रश्नापाशी यावं लागतं: हे आपोआपच झालं असतं का? या प्रकरणात आपण तो पुन्हा पुन्हा विचारणार आहोत.

१. ठिपक्यांची रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात, मग रेघा ओढतात. ठिपके तेच ठेवून रेघा बदलल्या की कमळाचं कासव होतं. जाळ्याचंही असंच असतं. ठिपका म्हणजे माणूस, पेशी किंवा स्थानक, आणि रेघ म्हणजे त्यांच्यातलं नातं. नेहमीच्या पाहणीत आपण माणसामागे एक ओळ लिहितो: वय, उंची, उत्पन्न. तिथे ठिपक्यांची माहिती असते. जाळ्याच्या अभ्यासात रेघ हीच माहिती असते, आणि रेघ कुणा एकाची नसते, दोघांची असते. पुढच्या बहुतेक अडचणी या साध्या गोष्टीतून निघतात.

माणसांच्या नात्यांची अशी चित्रं काढण्याची रीत याकोब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केली. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मोरेनोने प्रत्येक मुलीचा स्वभाव तपासत बसण्याऐवजी कोणाला कोणाबरोबर राहायला आवडतं ते विचारलं आणि उत्तरांचं जाळं काढलं. पळालेल्या मुली या जाळ्यात एकमेकींशी जोडलेल्या होत्या. पळून जाण्याचा विचार रेघांवरून एकीकडून दुसरीकडे गेला असावा, असं त्याचं म्हणणं होतं. ते पटण्याजोगं आहे. पण पटण्याजोगं आणि सिद्ध झालेलं यांत अंतर असतं, आणि ते आपल्याला हळूहळू कापायचं आहे.

२. भिशीतली सुलभा

सुरुवात एका खुपणाऱ्या शंकेपासून करू. ‘माझ्यापेक्षा माझ्या मैत्रिणींचा गोतावळा मोठा का?’ बहुतेकांना असं कधी तरी वाटतं आणि मग आपलंच काही चुकतंय असा समज होतो.

पाच जणींची भिशी घ्या. सुलभा बाकीच्या चौघींना ओळखते. मीना आणि शैला एकमेकींना ओळखतात. अलका आणि वृंदा फक्त सुलभाला ओळखतात. म्हणजे सुलभाच्या मैत्रिणी ४, मीनाच्या २, शैलाच्या २, अलकाची १, वृंदाची १. बेरीज १०, सरासरी २.

आता प्रत्येकीला विचारा, तुझ्या मैत्रिणींना सरासरी किती मैत्रिणी आहेत? अलका म्हणेल ४, कारण तिची एकुलती मैत्रीण सुलभा. वृंदाही ४. मीनाच्या मैत्रिणी सुलभा (४) आणि शैला (२), म्हणून सरासरी ३. शैलाचंही ३. फक्त सुलभाचं उत्तर दीड येतं. या पाच उत्तरांची सरासरी ३.१. पाचपैकी चौघींना वाटतं की आपल्या मैत्रिणी आपल्यापेक्षा लोकप्रिय आहेत, आणि चौघींचंही खरं आहे.

कारण सोपं आहे. सुलभा चौघींच्या हिशेबात चार वेळा मोजली गेली, अलका फक्त एकदा. एसटीतही हेच होतं. एका गाडीत ८० प्रवासी, दुसरीत २०. आगार म्हणतं, सरासरी ५०. पण प्रवाशांना विचारलं तर ८० जण म्हणतात ‘८० होते’ आणि २० जण म्हणतात ‘२० होते’. या उत्तरांची सरासरी ६८ येते. गर्दीची गाडी जास्त जणांनी पाहिलेली असते.

हा मैत्रीचा विरोधाभास समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली मांडला. पुढे २०११ मध्ये फेसबुकच्या ७२ कोटींहून जास्त वापरकर्त्यांची जाळी तपासली गेली. तिथे सुमारे ९३ टक्के लोकांच्या मित्रसंख्येपेक्षा त्यांच्या मित्रांच्या मित्रसंख्येची सरासरी जास्त निघाली. तेव्हा खुपणाऱ्या शंकेचं उत्तर असं, की यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. जाळ्याच्या रचनेतूनच ते आपोआप घडतं.

या आपोआप घडण्याचा उपयोगही करून घेता येतो. साथ आली, लस थोडी आहे, आणि जास्त ओळखी असलेल्यांना ती आधी द्यायची आहे, पण जाळ्याचा नकाशा आपल्यापाशी नाही. मग रस्त्यात भेटेल त्याला लस देऊ नका, त्याला एका ओळखीच्या माणसाचं नाव विचारा आणि त्या माणसाला द्या. चिठ्ठी अलकाच्या नावाची निघाली तरी लस सुलभाला मिळते. रूवेन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती २००३ साली मांडली. २००९ च्या फ्लूच्या साथीत निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी हार्वर्डच्या ७४४ विद्यार्थ्यांवर याच तत्त्वाने लक्ष ठेवलं. एक गट सरसकट निवडलेला, दुसरा इतरांनी ‘माझा मित्र’ म्हणून सांगितलेला. मित्रांच्या गटात फ्लू सरासरी सुमारे १४ दिवस आधी दिसला. दवाखान्यांची तयारी करायची असेल तर दोन आठवडे ही केवढी सवड!

३. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या मैत्रिणी

आता आपल्या मुख्य प्रश्नाला एक मोजपट्टी देऊ. मोरेनोकडे चित्रं होती, पण चित्रात दिसणारी जोडी आणि एकटी पडलेली मुलगी खरोखर काही सांगते, की चिठ्ठ्या टाकूनही तेच चित्र आलं असतं? हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला, याचं मला फार कौतुक वाटतं. १९३८ साली मोरेनो आणि हेलन जेनिंग्स यांनी २६ जणींचा गट घेतला. प्रत्येकीने तिघींची निवड करायची. शेजारी २६ काल्पनिक मुलींचा गट मांडला, आणि त्यांच्या निवडी निव्वळ योगायोगावर सोडल्या.

हा हिशेब आपणही करू शकतो. चिठ्ठ्यांच्या खेळात मीनाने शैलाला निवडण्याची शक्यता २५ त ३. शैलानेही मीनाला निवडण्याची तेवढीच. दोन्ही घडण्याची शक्यता या दोन अपूर्णांकांचा गुणाकार, म्हणजे ६२५ त ९. एकूण जोड्या किती? २६ गुणिले २५ भागिले २, म्हणजे ३२५. तेव्हा योगायोगाने परस्परांना निवडणाऱ्या जोड्या सुमारे ४.७ निघतील. आणि कोणीच न निवडलेली मुलगी? बाकीच्या २५ जणींपैकी प्रत्येकीने तिला वगळण्याची शक्यता २५ त २२. ती स्वतःशी २५ वेळा गुणली की जेमतेम ४ टक्के उरतात. २६ मुलींमागे सरासरी एक.

खऱ्या गटांत परस्पर जोड्या याहून बऱ्याच जास्त होत्या, आणि कोणीच न निवडलेल्या मुलीही जास्त होत्या. म्हणजे मैत्रीला परतफेड होते आणि एकटेपण काही जणींच्याच वाट्याला साचतं, या दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगातून येत नाहीत. हे विधान आता चित्राच्या देखणेपणावर टेकलेलं नाही, त्याखाली तुलना आहे.

पुढे १९५९ साली पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेनी यांनी अशा चिठ्ठ्यांच्या जाळ्यांचं गणितच उभं केलं. त्यांचा एक शोध असा: जाळं मोठं असेल आणि प्रत्येक ठिपक्याला सरासरी एकापेक्षा थोड्या जरी जास्त रेघा असतील, तरी विखुरलेल्या तुकड्यांतून एक अवाढव्य तुकडा तयार होतो. पंगतीतला तो अनोळखी माणूस आपल्याच तुकड्यात असणं हे त्यामुळे नवल नाहीच. नवल असलंच तर धागा इतका आखूड निघतो, याचं.

४. योगायोग, पण कोणता?

इथे एक खाच आहे. खऱ्या जगात काही जण मुळातच बोलके असतात, काही घुमे. चिठ्ठ्यांच्या जाळ्यात सगळे सारखे. मग खऱ्या जाळ्यात फरक दिसला, तर तो मैत्रीच्या एखाद्या गूढ नियमामुळे, की फक्त सुलभा बोलकी आहे म्हणून?

ही खाच पक्ष्यांच्या अभ्यासकांना जोरात लागली. जॅरेड डायमंड यांनी १९७५ साली न्यू गिनीजवळच्या बेटांवरच्या पक्ष्यांविषयी लिहिलं. काही जाती अशा, की एक जिथे आहे तिथे दुसरी नाही. त्यांच्यात स्पर्धा असणार, असा त्यांचा निष्कर्ष. १९७९ साली एडवर्ड कॉनर आणि डॅनियल सिंबरलॉफ यांनी विचारलं, की इतक्या जाती आणि इतकी बेटं असताना अशा काही जोड्या योगायोगानेही निघतीलच ना? वाद अनेक वर्षं चालला. पक्षी कोणत्या बेटावर आहेत याबद्दल फारसं दुमत नव्हतं. तुलना कोणत्या योगायोगाशी करायची, यावर भांडण होतं. मोठ्या बेटावर जाती जास्त असणार, सर्वत्र उडणारा पक्षी जास्त बेटांवर असणार. हे तसंच ठेवून मगच पत्ते पिसायला हवेत.

ते कसं करायचं? युक्ती सुरेख आहे. राजूची संजूशी मैत्री आहे आणि मीनाची टीनाशी. दोन्ही रेघा पुसा आणि टोकं अदलून राजू–टीना आणि मीना–संजू अशा ओढा. प्रत्येकाच्या मित्रांची संख्या होती तेवढीच राहिली, पण कोणाचा मित्र कोण हे बदललं. (राजू–टीना आधीच मित्र असतील तर ती अदलाबदल सोडून द्यायची.) असं हजारो वेळा करा. बोलका बोलकाच राहतो, घुमा घुमाच, बाकी सगळं पिसलं जातं. मग खरं जाळं या पिसलेल्या जाळ्यांच्या शेजारी ठेवा. दहा हजार पिसलेल्या जाळ्यांपैकी एकातही खऱ्याइतके त्रिकोण, म्हणजे तिघेही एकमेकांचे मित्र असलेली त्रिकुटं, आले नाहीत, तर ‘मित्राचा मित्र तो आपला मित्र’ हा कल खरा मानायला आधार मिळतो. अशी पिसणी कोणत्याही एका बाजूला न झुकता व्हावी, यासाठीची एक महत्त्वाची पद्धत ए. आर. राव, आर. जाना आणि एस. बंद्योपाध्याय यांनी १९९६ साली ‘सांख्य’ या नियतकालिकात दिली. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी सुरू केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं हे नियतकालिक. राव आणि बंद्योपाध्याय त्याआधी सामाजिक जाळ्यांतली परतफेड मोजण्याच्या रीतींवर काम करत होते.

५. रिंगणात हजार माणसं

आता आखूड धाग्याकडे वळू. प्रत्येकाच्या १०० ओळखी धरल्या तर मित्रांचे मित्र १० हजार, पुढच्या पावलाला १० लाख, मग १० कोटी आणि पाचव्या पावलाला १००० कोटी. पृथ्वीवर इतकी माणसंच नाहीत! पण हा हिशेब फसवा आहे. माझ्या मित्रांचे मित्र बरेचसे माझेच मित्र असतात. आत्ताच पाहिलेले त्रिकोण इथे आडवे येतात.

त्रिकोण किती आडवे येतात ते पाहा. हजार माणसं रिंगणात उभी आहेत आणि प्रत्येक जण डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच जणांना ओळखतो. समोरच्या टोकाचा माणूस ५०० जागा दूर. एका पावलात जास्तीत जास्त पाच जागा पुढे जाता येतं, म्हणजे १०० पावलं. हे जग मुळीच लहान नाही. १९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी अशा रिंगणातल्या थोड्याच रेघा उचलून कुठेही जोडून पाहिल्या. शेजारधर्म जवळजवळ तसाच राहिला, त्रिकोण टिकले, आणि अंतरं मात्र झपाट्याने कोसळली. जग लहान करायला सगळ्यांच्या दूरच्या ओळखी लागत नाहीत. मोजक्या आडवाटा पुरतात. सासर परगावी असलेली एक आत्या अख्ख्या वाड्याला त्या गावाशी जोडून देते.

त्यांनी हे तीन खऱ्या जाळ्यांत तपासलं: सिनेमातले सहकलाकार, अमेरिकेच्या पश्चिम भागातलं वीजजाळं आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीची चेतासंस्था. या कृमीच्या शरीरात ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्यातल्या जोडण्या १९८६ सालीच नकाशाबद्ध झाल्या होत्या. तिन्हीकडे त्रिकोण दाट, अंतरं आखूड. आपल्या रेल्वेचंही तसंच. भारतीय भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००३ साली ५८७ स्थानकं आणि ५७९ गाड्या घेतल्या. दोन स्थानकांवर थांबणारी एकही गाडी असेल तर त्यांच्यात रेघ. कुठल्याही दोन स्थानकांतलं सरासरी अंतर निघालं २.१६ रेघा, म्हणजे साधारण एकदा-दोनदा गाडी बदलली की देशात कुठूनही कुठेही.

६. शितावरून भाताची परीक्षा

ही म्हण संख्याशास्त्राचा पायाच आहे: थोडं चाखा, सगळ्याचं ओळखा. जाळ्यात मात्र ती फसते. गावातले निम्मे लोक सरसकट निवडून त्यांच्यातल्याच ओळखी मोजल्या, तर किती रेघा हाती येतील? रेघेची दोन्ही टोकं निवडली जायला हवीत, म्हणून निम्म्याचं निम्मं, पाव. त्रिकोणाची तिन्ही टोकं हवीत, म्हणून अष्टमांश. निम्मी माणसं घेऊन जाळ्याचं निम्मं चित्र मिळत नाही, एक विरळ आणि तुटका सांगाडा मिळतो. किती माणसं सुटली ते आधी ठाऊक असेल, तरच मागे गुणून अंदाज करता येतो.

‘सहा पावलांवर जग’ ही प्रसिद्ध कल्पनाही याच चाळणीतून पाहायला हवी. स्टॅन्ली मिलग्राम यांच्या पत्रांच्या प्रयोगाचा १९६९ चा अहवाल सांगतो, की नेब्रास्का आणि बोस्टन इथल्या २९६ जणांना बोस्टनच्या एका शेअर दलालापर्यंत ओळखीओळखीतून पाकीट पोचवायला सांगितलं. ६४ पाकिटं पोचली. मधल्या हातांची सरासरी ५.२. पण २३२ पाकिटं पोचलीच नाहीत! साखळी जितकी लांब, तितकी ती मध्येच तुटण्याची शक्यता जास्त. म्हणून पोचलेल्या साखळ्या आखूडच असणार. न पोचलेल्यांचा विचार केला नाही, तर आपण जगाला आहे त्याहून लहान समजू.

७. वरपक्ष कोणता, वधूपक्ष कोणता?

पुन्हा कार्यालयात जाऊ. गॅलरीत उभं राहून कोण कोणाशी बोलतंय एवढंच टिपलं, तर वरपक्ष आणि वधूपक्ष ओळखता येतील? सहा पाहुणे घ्या. नंदू, बाळू, चंदू तिघे आपसात बोलतात. दामू, रामू, शामू तिघे आपसात. शिवाय चंदू आणि दामू एकमेकांशी बोलतात. एकूण सात रेघा.

पहिली वाटणी: पहिले तिघे एका पक्षाचे, दुसरे तिघे दुसऱ्या. पक्षाच्या आतल्या सहाच्या सहा जोड्या बोलल्या, पक्षांमधल्या नऊपैकी एक. चित्र स्वच्छ आहे. दुसरी वाटणी: नंदू, बाळू, दामू विरुद्ध चंदू, रामू, शामू. आता आतल्या सहापैकी दोन जोड्या बोलल्या आणि बाहेरच्या नऊपैकी पाच. गढूळ. संख्याशास्त्रज्ञ विचारतो, की ही वाटणी खरी असेल तर डोळ्यांसमोरचं जाळंच निघण्याची शक्यता किती? दोन्ही वाटण्यांचा हिशेब केला तर पहिलीची शक्यता दुसरीच्या ९५० पटींहून जास्त येते. संगणक अशा असंख्य वाटण्या तपासून सर्वांत संभवनीय वाटणी शोधतो. पॉल हॉलंड, कॅथरिन लास्की आणि सॅम्युएल लाइनहार्ट यांनी १९८३ साली मांडलेलं ‘ब्लॉक मॉडेल’ ते हेच.

याची सगळ्यात लाडकी कसोटी म्हणजे एक कराटे क्लब. वेन झॅकरी या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या क्लबचा अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध केला. ३४ सदस्य, ७८ रेघा. शिकवणीच्या फीवरून प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्यात बिनसलं आणि क्लब फुटला. कोण कोणाकडे जाईल हे झॅकरीने फक्त जाळ्यावरून काढलं, आणि ३४ पैकी ३३ जणांचं बरोबर आलं. जो एक चुकला त्याची गोष्ट मला सगळ्यात जिवंत वाटते. त्याची उठबस पदाधिकाऱ्याच्या गोटात होती, पण काळ्या पट्ट्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. प्रशिक्षकाला सोडलं असतं तर पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात! म्हणून तो प्रशिक्षकाबरोबर राहिला. रेघा खूप काही सांगतात, पण हा पट्टा रेघांमध्ये नव्हता.

आता गंमत पाहा. २०११ साली ब्रायन कॅरर आणि मार्क न्यूमन यांनी याच क्लबवर साधं ब्लॉक मॉडेल चालवलं, तेव्हा दोन तट मिळालेच नाहीत. मॉडेलने भरपूर ओळखी असलेले मोजके म्होरके एकीकडे काढले आणि बाकी सगळे दुसरीकडे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, ‘या माणसांत सर्वांत ठळक फरक हाच आहे’ एवढंच ते सांगत होतं. प्रत्येकाच्या बोलकेपणाचा हिशेब मॉडेलमध्ये आधीच घातल्यावर दोन तट दिसू लागले. राजू–संजूच्या अदलाबदलीत शिकलेला धडा इथे दुसऱ्या वेषात भेटतो. मॉडेल नेहमी विचारल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

८. पैशाकडे पैसा

काही ठिपक्यांना एवढ्या रेघा का? १९६५ मध्ये डेरेक प्राइस यांनी दाखवलं, की शोधनिबंधांच्या जगात थोड्या निबंधांचा उल्लेख खूप वेळा होतो आणि बहुतेकांचा अगदी क्वचित. १९९९ साली आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी याचं सोपं मॉडेल लोकप्रिय केलं. नवा ठिपका आधीच जास्त रेघा असलेल्याला जोडला जाण्याची शक्यता जास्त, पैशाकडे पैसा जातो तसा. मग जिथेतिथे हाच नियम दिसू लागला. २०१९ मध्ये ॲना ब्रॉइडो आणि ॲरन क्लॉसेट यांनी हजाराच्या जवळपास खरी जाळी काटेकोरपणे तपासली. त्या नियमाला सर्वांत भक्कम पुरावा फक्त ४ टक्के जाळ्यांत सापडला. मोठे ठिपके पुष्कळ जाळ्यांत आहेत, पण ते सगळीकडे एकाच सूत्राने वाढत नाहीत.

९. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या

‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण गोठ्यात जाऊन नीट पाहा. दोन्ही बैल सारखेच आळशी दिसतात. पवळ्याला खरंच ढवळ्याचा गुण लागला? की शेतकऱ्याने संथ चालीचे दोन बैल मुद्दामच जोडीला बांधले? की दोघांनाही एकाच गोठ्यात एकच निकस कडबा मिळतोय? निरीक्षण एकच, कारणं तीन: लागण, आवडीची जुळणी आणि समान परिस्थिती. जाळ्यांच्या अभ्यासातला सर्वांत अवघड प्रश्न माझ्या मते हा आहे, कारण याच्या उत्तरावर धोरणं ठरतात. गुण लागत असेल तर एका बैलाला सुधारून भागेल. कडबाच निकस असेल तर नाही.

२००७ साली ख्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ हृदयरोग अभ्यासातली १२,०६७ माणसं घेतली, काळ १९७१ ते २००३. पुढच्या तपासणीला माणूस सापडावा म्हणून अभ्यासाच्या कचेरीने नातेवाईक आणि मित्रांची नावं टिपून ठेवली होती. त्याच नोंदींतून जाळं उभं राहिलं. निष्कर्ष गाजला: ज्याचा मित्र लठ्ठ झाला, त्याची लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते.

पुढच्याच वर्षी ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी एक साधी, धारदार चाचणी केली. त्याच प्रकारची पद्धत त्यांनी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या माहितीवर लावली, पण लठ्ठपणाऐवजी मुरमं, डोकेदुखी आणि उंची घेऊन. पद्धतीनुसार मित्राची उंचीसुद्धा ‘लागत’ होती! उंची कोणाकडून लागत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणजे पद्धत कुठेतरी जुळणी आणि परिस्थितीला लागण समजत होती. परिस्थितीचा हिशेब घातल्यावर हे परिणाम बरेचसे विरले. २०११ मध्ये कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी तर दाखवलं, की जुळणी ज्या गुणांवरून झाली ते सगळे आपण टिपलेले नसतील, तर केवळ निरीक्षणातून लागण आणि जुळणी वेगळ्या काढता येत नाहीत, माहिती कितीही असो. लागण होत नाही, असा याचा अर्थ नाही. नुसतं पाहून ते ठरत नाही, एवढाच अर्थ.

हडसनच्या त्या १४ मुली आठवतात? पळण्याचा विचार रेघांवरून गेला असेल. किंवा पळून जाण्याइतक्या दुःखी मुलींनीच एकमेकींना जवळ केलं असेल. किंवा एकाच छताखालची एकच जाचक वागणूक सगळ्यांनी सोसली असेल. मोरेनोच्या नकाशात तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

१०. गावालाच विचारा

नुसतं पाहून ठरत नसेल तर स्वतः हात घालून पाहावं लागतं. म्हणजे चिठ्ठी टाकून काही ठिकाणी एक गोष्ट करायची, काही ठिकाणी दुसरी, आणि फरक पाहायचा. चिठ्ठीला आवडनिवड नसते, त्यामुळे जुळणीचा प्रश्न उरत नाही.

अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांत घरोघरी जाऊन जाळी टिपली. कोणाकडे उठबस आहे, अडीनडीला तांदूळ किंवा रॉकेल कोणाकडून आणता, पैसे कोणाकडे मागता, देवळात कोणाबरोबर जाता, सल्ला कोणाचा घेता. ४३ गावांत एक सूक्ष्मकर्ज संस्था आली. तिने योजनेची बातमी ज्यांना आधी दिली, ती माणसं जाळ्याच्या मोक्याच्या जागी असतील तिथे कर्ज घेणारे जास्त निघाले, असं त्यांच्या २०१३ च्या निबंधात दिसलं.

पण गावागावात असं जाळं टिपणं फार खर्चाचं काम. म्हणून त्यांनी लोकांनाच विचारलं, की गावात जत्रा किंवा नाटक आहे, बातमी सगळ्यांपर्यंत जायला हवी, तर आम्ही कोणाला सांगावी? लोकांनी सांगितलेली नावं बहुधा जाळ्याच्या मोक्याच्या जागीच निघाली. सांगणाऱ्यांनी कधी नकाशा पाहिला नव्हता. कोणाच्या तोंडून बातम्या वारंवार कानावर येतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग चिठ्ठ्या पडल्या. कर्नाटकातल्या २१३ गावांत मोबाईल जिंकण्याच्या सोडतीची बातमी काही जणांनाच दिली. काही गावांत सरसकट निवडलेल्यांना, काहींत गावच्या वजनदार मंडळींना, काहींत गावकऱ्यांनी ‘यांना सांगा’ म्हणून नाव दिलेल्यांना. भाग घ्यायला नुसता मिस्ड कॉल द्यायचा. सर्वांत जास्त कॉल तिसऱ्या प्रकारच्या गावांतून आले. नंतर हरियाणात मुलांच्या लसीकरणाची आठवण अशाच निवडलेल्या माणसांच्या फोनवर पाठवली गेली. सरसकट निवडलेल्यांना संदेश गेले होते त्या गावांपेक्षा, गावाने नाव सुचवलेल्या माणसांच्या गावांत लसीसाठी आणलेली मुलं जास्त होती.